लोकटकची उपाशी जमीन

संपादक महोदय,

मणिपूरच्या लोकटक सरोवरातली ‘फुमदी’ म्हणजे गवत, मुळं आणि गाळ यांची तरंगती जमीन. तिचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो. पूर्वी कोरड्या दिवसांत पाणी ओसरलं की ती तळाला टेकायची, मुळं चिखलातून पोट भरून घ्यायची आणि पावसात पुन्हा वर यायची. १९८३ साली इथाई बंधारा झाला. विजेसाठी पाणी बारमाही तुंबवलं जाऊ लागलं आणि फुमदी उपाशीच तरंगत राहिली. सरोवरातल्या केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानातली फुमदी आता पातळ होते आहे. संगाई हरणाचं नैसर्गिक घर मात्र तेवढंच. खुराखालची जमीनच खचली तर त्याने जायचं कुठे?

काठची शेतं बुडाली तेव्हा अनेकांनी जाळं हाती घेतलं. २०११ मध्ये त्याच मच्छीमारांच्या फुमदीवरच्या शेकडो झोपड्या जाळल्या गेल्या. कारण काय, तर म्हणे प्रदूषण! इंफाळची घाण नंबुल नदीतून सरोवरात येते, तिचं काय? लोकटक १९९३ पासून रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ-कराराच्या धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत आहे. निदान कोरड्या महिन्यांत बंधाऱ्याचे दरवाजे उघडावेत, आणि ते कधी उघडायचे हे मच्छीमारांना विचारून ठरवावं.

— एक वाचक