समुद्रावर निघण्याआधीचे आठ दिवस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

समुद्रावर जायचं नक्की झालं, आणि हाताशी आठ दिवस आहेत. बॅगा भरायला एक संध्याकाळ पुरते. हे आठ दिवस आहेत ते वाळूत उभं राहून ठरवता येत नाहीत अशा गोष्टींसाठी, म्हणून आधी त्याच लिहिते.

सगळ्यांत आधी हे ठरवा, की पाण्यावर नजर कोणाची. किनाऱ्यावर मोठी माणसं बरीच असतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरं कोणीतरी बघतंय. तुम्ही दोघांनी घरीच पाळ्या लावा. एका वेळी एकच जण, १५ ते २० मिनिटं, फोन पिशवीत आणि गप्पा बंद. पाळी बदलताना तोंडाने सांगायचं, "आता तू बघ." समोरून "हो" आल्याशिवाय नजर काढायची नाही. धाकटीला एवढ्यानेही भागणार नाही. तिच्या हाताच्या अंतरावर कोणीतरी पाण्यातच हवं, पाणी गुडघ्याएवढं असलं तरी. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडतच नाही गं. तोंड पाण्याबाहेर येतं ते क्षणभर, त्यात जेमतेम श्वास घेता येतो, हाक मारणार कधी? हात दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत राहतात, ते वर करून हलवणं त्याला जमत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मजेत खेळतंय.

म्हणूनच पोहण्याच्या कपड्यांचा रंग महत्त्वाचा. फिकट निळा, पांढरा, राखाडी पाण्यात दिसेनासे होतात. भडक नारिंगी किंवा झगझगीत गुलाबी घे. गेल्या वर्षीचे कपडे असतील तर आजच दोन्ही मुलांना घालून बघ. मुलं वाढलेली असतात आणि इलॅस्टिकही सैल पडलेलं असतं.

फुगवायच्या रिंगा आणि गाद्या नेऊच नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. जमिनीकडून समुद्राकडे वारा असला की त्या मुलासकट आत सरकतात, आणि पाणी शांत दिसत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. त्याऐवजी मुलाच्या वजनाप्रमाणे लाइफ जॅकेट घे. सगळे पट्टे लावून खांद्यांपाशी धरून वर उचलून बघ. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल.

भरती-ओहोटीच्या वेळा तुमच्या तारखांप्रमाणे काढून ठेवा. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या असतात आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे पहिल्या दिवशीची वेळ चौथ्या दिवशी चालत नाही. तारखा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास असतील तर उधाण असतं. पाणी जास्त वर येतं आणि ओहोटीला जास्त मागे जातं. चटई कुठे टाकायची, खडकांवर किती वेळ थांबायचं, हे त्यावर ठरवा. खडकांमागून पाणी भरत आलं की परतीची वाट आधी बुडते.

थोरल्याला एक गोष्ट कागदावर चित्र काढून समजाव. लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून जोराने परत आत जातं, त्याला रिप करंट म्हणतात. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसतं, म्हणून नेमकी तीच जागा खेळायला बरी वाटते. तो माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. जीव जातो तो बहुधा सरळ किनाऱ्याकडे झुंजत पोहून दमल्यामुळे. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यायचं. जीवरक्षक असलेला किनारा असेल तर लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं. नुसता लाल झेंडा असेल तर त्या दिवशी वाळूतच खेळायचं. प्रवाहाने मुलं कडेकडेने सरकतही जातात, म्हणून मागे वळून बघायला एक पक्की खूण नेमून दे. छत्री नको, छत्र्या सगळ्या सारख्याच दिसतात.

वाळूत खड्डे खणू देत, पण सगळ्यांत छोट्याच्या गुडघ्यापेक्षा खोल नाहीत. खोल खड्ड्याच्या कडा अचानक कोसळतात आणि ओली वाळू फार जड असते. निघताना खड्डा बुजवायचा.

आता सनस्क्रीन. चूक लावण्यात कमी आणि विकत घेण्यात जास्त होते. नळी छोटी असली की माणूस पुरवून पुरवून लावतो, आणि निम्म्या थरात डबीवर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही. मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला साधारण ३५ मिलि लागतं, म्हणजे चहाचे सात चमचे: चेहरा-मान-कान मिळून एक, प्रत्येक हाताला एक, प्रत्येक पायाला एक, छाती-पोटाला एक, पाठीला एक. मुलांना याच्या निम्म्याच्या आसपास. चौघांचे मिळून एका वेळचे साधारण १०० मिलि झाले, आणि दर दोन तासांनी, शिवाय पाण्यातून बाहेर येऊन अंग पुसल्यावर ते पुन्हा लावावं लागतं. हिशेब कर, म्हणजे मी पूर्ण बाह्यांचे आणि गुडघ्यापर्यंतचे पोहण्याचे कपडे घे का म्हणते ते कळेल. निम्म्याहून जास्त सनस्क्रीन वाचतं आणि पाठीचा जो भाग हमखास राहून जातो तो झाकला जातो. एसपीएफ (उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा) ३० किंवा जास्त, ब्रॉड स्पेक्ट्रम म्हणजे उन्हातल्या यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही किरणांपासून वाचवणारं, आणि पाण्यात टिकणारं बघ. उन्हात जायच्या १५ ते ३० मिनिटं आधी, खोलीतच लावायचं. किनाऱ्यावर लावायला गेलीस तर वाळूसकट लागतं आणि मुलं पळतात. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांच्या वरचा भाग विसरू नकोस. मुदत तपासून घे, आणि नळी तापलेल्या गाडीत ठेवू नकोस. ढगाळ दिवशीही लावायचं. सावली स्वतःपेक्षा आखूड झाली की आडोशाला यायचं, हे मुलांनाही पटकन समजतं.

औषधांच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं ठेव, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच सगळं एकदम कालवायचं. कमी पाण्यात घट्ट केलेलं मुलांना बाधतं. चिमटा हवाच. जेलीफिशचे तंतू त्याने काढायचे आणि जागा समुद्राच्याच पाण्याने धुवायची. गोड्या पाण्याने किंवा चोळण्याने त्वचेवर उरलेल्या डंखपेशी आणखी विष सोडू शकतात. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट दवाखाना. गाडी लागण्याचं औषध डॉक्टरांना वजन सांगून मात्रा ठरवूनच आण, ते प्रवासाच्या अर्धा-एक तास आधी द्यायचं असतं. उलटी सुरू झाल्यावर दिलेलं पोटात राहत नाही.

खाण्याचं फार नको. शिजवलेलं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही, कडक उन्हाळ्यात एक तासच. पाण्याच्या दोन-तीन बाटल्या थोड्या रिकाम्या ठेवून रात्री फ्रीझरमध्ये गोठव, बर्फाचं काम त्याच करतील. पाण्याचा आणि खाण्याचा गार ठेवायचा डबा वेगळा ठेव, कारण पाण्याचा सारखा उघडला जातो आणि गार राहत नाही.

टाल्कम पावडरचा एक डबा घे. ओल्या पायांना चिकटलेली वाळू घासून निघत नाही, कातडी सोलवटते. पावडर ओल शोषून घेते आणि वाळू हाताने झटकली तरी पडते. मुलांच्या चेहऱ्याजवळ मात्र उडवू नकोस.

निघताना गॅसचा मुख्य कॉक आणि पाण्याचा व्हॉल्व्ह बंद कर, गीझरचं बटणही बघ. पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि सनस्क्रीन एका वेगळ्या पिशवीत सगळ्यांत वर ठेव, तिथे पोहोचल्यावर मुलं बॅगा उघडेपर्यंत थांबणार नाहीत.

तुझी,
आई