‘काळजीपोटी पाठवलं’ म्हणून सुटका होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर आला. ‘मुले पळवणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे. सोबत बायका आहेत, कडेवर मूल असते. खरे-खोटे माहीत नाही, पण सावध राहा.’ त्यात तारीख नव्हती, पोलीस ठाण्याचे नाव नव्हते. एका गावाचे नाव मात्र होते. मी त्या गावाच्या पोलीस ठाण्याचा नंबर शोधून फोन केला. तशी एकही तक्रार आलेली नाही, असे तिथल्या हवालदारांनी सांगितले. चौकशीचा हा त्या दिवसातला कितवा तरी फोन होता. मी हे ग्रुपवर लिहिले, तर उत्तर आले, ‘अहो बाई, काळजीपोटी पाठवलं. सावध राहण्यात वाईट काय?’

वाईट काय ते दुसऱ्याच दिवशी सकाळी दिसले. सुया, पोत, बिब्बे विकणारी एक बाई गल्लीत आली. वर्षातून दोन-तीनदा ती येतेच. कडेवर तिचे स्वतःचे मूल होते. कोणीतरी गॅलरीतून तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, ‘हीच का ती?’ दहा मिनिटांत फाटकाशी पंधरा-वीस माणसे जमली. एकाने तिची पिशवी ओढली, दुसरा मुलाला ‘तुझी आई कोण रे?’ असे दरडावून विचारू लागला. मूल रडायला लागले, तर ‘बघा, घाबरलंय’ हाही पुरावाच ठरला. मी आणि शेजारच्या एक बाई खाली धावलो. ११२ ला फोन लावला, पोलीस येईपर्यंत तिला वॉचमनच्या खोलीत बसवले. हात कोणी उगारला नाही. पण तिच्या चेहऱ्यावरची भीती माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मी सोलापूर जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. भटक्या समाजाची मुले माझ्या वर्गात असत. दिवाळीनंतर त्यांचे वडील भिक्षेसाठी परमुलखात निघत. म्हणून १ जुलै २०१८ हा दिवस मी विसरू शकत नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे आठवडे बाजार होता, रविवार होता. आमच्याच मंगळवेढा भागातून गेलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या माणसांना जमावाने मुले पळवणारे ठरवले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि पाच जणांना मारून टाकले. एका लहान मुलीशी त्यांच्यातला एक जण बोलताना दिसला, असे तेव्हा सांगण्यात आले होते. एवढाच काय तो त्यांचा गुन्हा!

त्या दिवसांत त्या भागात फिरणारे फोटो कुठले होते? ओळीने ठेवलेले मुलांचे मृतदेह सीरियातले होते, २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यातले. मोटारसायकलवरून मूल उचलून नेण्याचा जो व्हिडिओ देशभर फिरला, तो कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती. मूळ व्हिडिओत ती माणसे मूल परत आणून देतात आणि ‘कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो’ अशा अर्थाचा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट कोणी दिला नाही.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने ‘फॉरवर्डेड’ची खूण आणली, एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात झुंडीचे असे हल्ले रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक पोलीस अधिकारी नेमायला सांगितले. तरीही २०२२ च्या सप्टेंबरात सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावी मथुरेच्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. पंढरपूरला निघालेल्या त्या माणसांनी एका मुलाला रस्ता विचारला होता.

माझे म्हणणे ‘खरे-खोटे माहीत नाही’ या चार शब्दांविषयी आहे. पाठवणाऱ्याला वाटते की असे लिहिले म्हणजे आपली जबाबदारी संपली. पण वाचणाऱ्याच्या मनात ‘टोळी’ आणि ‘कडेवर मूल’ एवढेच उरते. आणि ज्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते, तो कधीच त्या ग्रुपमध्ये नसतो. सुया विकणारी बाई, वासुदेव, नंदीबैलवाले, परप्रांतीय मजूर यांना खुलासा करायला तिथे जागाच नाही. मुलांची काळजी मलाही आहे. मूल खरेच हरवले असेल तर १०९८ आणि ११२ आहे, गावात पोलीस पाटील आहेत. ग्रुपवर टाकला तर मूल सापडल्यावरही त्याचा फोटो वर्षानुवर्षे फिरत राहतो, कारण त्यावर तारीख नसते.

आमच्या ग्रुपवरचा तो फोटो त्याच दिवशी काढून टाकायला लावला. तोवर तो किमान चार ग्रुपांवर गेला होता, हे नंतर कळले. तिथून तो कोण काढणार?

आपल्याला दोन विनंत्या आहेत. अशी अफवा जिल्ह्यात फिरू लागली की पोलिसांचा खुलासा आतल्या पानावर चार ओळींत न देता पहिल्या पानावर, तारखेसह आणि ठाण्याच्या फोन नंबरसह छापावा. तो कापून ग्रुपवर टाकता येईल एवढा मोठा असावा. आणि ज्यांच्यावर संशय घेतला गेला त्या माणसांचे म्हणणेही, त्यांची ओळख उघड न करता, छापावे. त्या बाईला पोलिसांनी एसटी स्टँडवर सोडले. तिच्या पिशवीतल्या सुया आमच्या फाटकाशी सांडल्या होत्या, त्या मी वेचून ठेवल्या आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर