सहा महिन्यांचा दिवस आणि रोजची थंडी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्हा दोघांचं चांगलंच जुंपलं होतं. बाबांचं म्हणणं, सहा महिने सूर्य मावळत नाही तर ध्रुवावरचा बर्फ वितळायलाच हवा. आई म्हणाली, तिरप्या उन्हात कसला आलाय दम! मी नुसतं हं हं करत राहिले, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आई, ऊन तिरपं असतं हे खरं, पण त्याला खंड नसतो. ऐन डिसेंबरात २४ तासांची बेरीज केली, तर वातावरणाच्या माथ्यावर पोचणारी सूर्याची ऊर्जा दक्षिण ध्रुवावर विषुववृत्तापेक्षा जास्त भरते! म्हणजे बाबांची शंका रास्तच आहे. घोडं अडतं ते खाली. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त ऊन आल्या पावली परत पाठवतो. त्यात ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २८०० मीटर उंच, आणि ती उंचीही जवळजवळ सगळी बर्फाच्या थराचीच. त्यामुळे भर उन्हाळ्यात तिथे सरासरी उणे २८ अंश असतं. उत्तर ध्रुवावर बर्फाखाली समुद्र आहे, तो थोडी ऊब राखतो. तिथला उन्हाळा शून्याच्या आसपास रेंगाळतो.

मला खरी गंमत वाटते ती पुढेच. दक्षिण ध्रुवावर सूर्य सप्टेंबरात उगवतो आणि मार्चमध्ये मावळतो. मधल्या काळात तो क्षितिजाभोवती जवळपास एकाच उंचीवरून फिरत राहतो, त्यामुळे घड्याळात दुपार असो की मध्यरात्र, पारा फारसा हलत नाही. तो हलतो महिन्यांच्या हिशेबाने. जुलैत सरासरी उणे ६०. अंटार्क्टिकातल्याच व्होस्तोक केंद्रावर २१ जुलै १९८३ ला उणे ८९.२ नोंदलं गेलं.

सहारात नेमकं उलट. ऋतू तिथेही आहेत, पण एका दिवसाच्या पोटातच उन्हाळा-हिवाळा उरकतो. आकाश निरभ्र, हवेत बाष्प नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू सूर्य बुडाला की उष्णता वर सोडून मोकळी होते. दुपार आणि पहाट यांत २० अंशांचा फरक नित्याचाच. हिवाळ्यातल्या काही रात्री तर पारा शून्याखाली जातो.

एवढा फरक असूनही दोन्ही वाळवंटंच, म्हणजे पाऊस-बर्फ फारच कमी पडणारे प्रदेश, आणि कारणही मिळतंजुळतं. विषुववृत्तावर वर चढलेली हवा पाऊस पाडून रिकामी होते आणि ३० अंश अक्षांशांच्या आसपास, म्हणजे सहाराच्या पट्ट्यात, खाली उतरते. उतरताना तापते, मग ढग कुठून बनणार? ध्रुवावरही हवा खालीच बसते, शिवाय इतक्या गार हवेत बाष्प मावतच नाही. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात वर्षाला पडणारा बर्फ वितळवला तर ५० मिलिमीटरही पाणी भरत नाही. त्यातही पुष्कळसं म्हणजे स्वच्छ आकाशातून चमचमत उतरणारे सुईसारखे बारीक स्फटिक. सगळ्यात मोठं वाळवंट सहारा नव्हे, अंटार्क्टिका!

आई, तुला किडेमुंग्या बघायला आवडतात म्हणून हेही सांगते. आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या नामिब वाळवंटाला लागून समुद्राचा थंड प्रवाह वाहतो. तिथे पाऊस जवळजवळ नाही, पण धुकं भरपूर. एक काळा भुंगेरा पहाटे वाळूच्या टेकाडावर चढतो आणि डोकं खाली, पाठ वर करून धुक्याकडे तोंड करून उभा राहतो. पाठीवर थेंब जमतात, ओघळत तोंडाशी येतात आणि तो ते पितो.

आता बाबा मंगोलिया-चीनमधल्या गोबी वाळवंटाचा विषय काढणार, हे ठाऊक आहे. गोबी समुद्रापासून फार लांब, डोंगरांच्या आडोशाला आणि सैबेरियाच्या गार वाऱ्यांच्या तोंडावर. तिथे उन्हाळ्यात चाळिशीची दुपार आणि हिवाळ्यात उणे चाळिशीची रात्र, दोन्ही भेटतात.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा. रविवारी फोन करते.

तुमची,
लेक