फिजिओथेरपीच्या परिषदेला चौकशीची माणसं द्या

संपादक साहेब, नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टनी नावापुढं डॉक्टर लावावं का नाही यावरनं केवढा गदारोळ झाला, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ९ तारखेला लावू नका म्हणून पत्र काढलं अन् दुसऱ्याच दिवशी ते मागं घेतलं, टीव्हीवर चर्चा झाल्या, व्हॉट्सॲपवर दोन्हीकडची मंडळी भांडली. पण आमच्यासारख्या गावाकडच्या पेशंटचा प्रश्न वेगळाच आहे, त्यावर कुणी बोलायला तयार नाही. बोर्ड लावून बसलेला माणूस खरंच शिकलेला आहे का, अन् त्याच्या हातनं पेशंटचं वाटोळं झालं तर त्याच्या दारात जाऊन कागद मागायचा अधिकार नेमका कुणाला आहे?

आमच्या चुलत्यांना लकवा झाला, डावी बाजू गेली. तालुक्याला फिजिओथेरपी सेंटर म्हणून बोर्ड होता तिथं रोज रिक्षानं न्यायचो. तिथला माणूस मशीननं करंट लावायचा, मग गरम पाण्यातनं काढलेली शेकायची पिशवी पोटरीखाली ठेवून दुसऱ्या पेशंटकडं निघून जायचा. लकव्याच्या पायाला भाजलेलं कळत नाही हे आम्हाला माहीत नव्हतं, पण त्याला माहीत पाहिजे होतं का नाही? घरी येऊन धोतर वर केलं तर पोटरीवर तळहाताएवढा फोड. चुलत्यांना साखर, जखम महिनोन्महिने भरली नाही. भिंतीवर लॅमिनेशन केलेलं कसल्यातरी कोर्सचं सर्टिफिकेट होतं, त्यावर नोंदणी नंबर नव्हता, हे आम्ही नंतर बघितलं.

मग तक्रार घेऊन हिंडलो. एका ऑफिसात म्हणाले पोलिसात जा, पोलिसात म्हणाले आरोग्यवाल्यांकडं जा. एका साहेबांनी मात्र बसवून नीट सांगितलं, की बोगस डॉक्टर शोधायची समिती आहे पण तिचं सगळं काम १९६१ च्या मेडिकल प्रॅक्टिशनर कायद्याच्या कलम ३३ वर, म्हणजे नोंदणी नसताना डॉक्टरकी करायला बंदी घालणाऱ्या कलमावर चालतं, हा माणूस इंजेक्शन देत नाही, गोळी लिहीत नाही, नुसता शेक देतो, ह्याला कशात बसवायचं? त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, पण ही फट केवढी मोठी आहे बघा.

कायदा नाही असं नाही. व्यवसायोपचार व भौतिकोपचार (म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी अन् फिजिओथेरपी) परिषदेसाठी, म्हणजे ह्या लोकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेसाठी, महाराष्ट्रात २००२ चा स्वतंत्र कायदा आहे. केंद्राचा २०२१ चा कायदा आला, त्यात फिजिओथेरपीसकट बरेच पेशे घेतले अन् नोंदणी नसताना काम केलं तर ५० हजार रुपये दंड ठेवला. तो कायदा राबवा म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला केंद्राला अन् राज्यांना दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली, इतकी ढिलाई. आणि दंड लिहून ठेवल्यानं काय होतं, तो लावायच्या आधी कुणीतरी त्या सेंटरमधे जाऊन बघायला नको का?

माझी भाची कॅलिफोर्नियात फिजिओथेरपिस्ट आहे, तिला मी खोदून खोदून विचारलं की तुमच्याकडं असं झालं तर काय होतं. तिकडं प्रत्येक राज्याचं वेगळं बोर्ड, म्हणजे आपल्या परिषदेसारखं मंडळ असतं, लायसन्स तेच देतं अन् तक्रार आली तर चौकशीही तेच करतं. कॅलिफोर्नियात लायसन्स देतानाच बोटांचे ठसे घेतात, पुढं कधी त्या माणसाला अटक झाली की बोर्डाला आपोआप कळतं. कुठल्या तारखेला कुठला उपचार दिला, कुणी दिला, हे लिहून ठेवणं बंधनकारक, आणि ते कागद पेशंट सोडल्यानंतर कमीत कमी सात वर्षं जपायचे. चौकशीत बोर्ड कायदेशीर हुकूम काढून ते कागद मागवू शकतं, साक्षीदार बोलावू शकतं, थेरपिस्ट देत नाही म्हणू शकत नाही. प्रकरण गंभीर असेल तर सरकारी वकील आरोपपत्र दाखल करतात, वेगळ्या न्यायाधीशासमोर सुनावणी होते, लायसन्स जातं किंवा अटी घालून ठेवतात, अन् तो निकाल बोर्डाच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतो. भाची म्हणते मामा, आम्हाला भीती वाटते पण बरंय, चांगलं काम करणाऱ्याची त्याच्यामुळं किंमत राहते.

आता आमच्या गावातले शिकलेले फिजिओथेरपिस्ट ह्याला घाबरतील हे मला कळतं. साडेचार वर्षं घालवून, कर्ज काढून पोरं-पोरी सेंटर टाकतात, उद्या कुणी इन्स्पेक्टर येऊन पाकीट मागायला लागला तर? ही भीती खोटी नाही. अमेरिकेतही बोर्डांनी अधिकाराचा अतिरेक केलाय. उत्तर कॅरोलिनात डेंटिस्टच्या बोर्डानं दात पांढरे करून देणाऱ्या लोकांना धंदा बंद करा म्हणून पत्रं धाडली, बोर्डावर आठातले सहा जण धंदा करणारे डेंटिस्टच होते, प्रकरण तिकडच्या सुप्रीम कोर्टात गेलं अन् २०१५ मध्ये कोर्टानं सांगितलं की धंद्यातलेच लोक बोर्ड चालवत असतील तर त्यांच्यावर सरकारची प्रत्यक्ष देखरेख पाहिजे, नाहीतर स्पर्धा कायद्यातनं सूट मिळणार नाही. म्हणून चौकशी करणारा वेगळा आणि निकाल देणारा वेगळा ठेवा, थेरपिस्टला लेखी आरोप द्या, बाजू मांडायला वेळ द्या. गावात पिढ्यान्‌पिढ्या मालिश करणाऱ्या म्हातारीच्या मागं लागायची तर अजिबात गरज नाही, ती काय फिजिओथेरपीचा बोर्ड लावून बसत नाही.

मराठवाड्यात ह्याची गरज जास्त आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर मणका मोडलेल्या माणसांचं काय झालं ते लातूर-धाराशिवकडच्यांनी डोळ्यानं बघितलंय. बीडचे ऊसतोड मजूर सहा-सहा महिने डोक्यावर मोळ्या वाहतात, मान-कंबर घेऊनच गावी येतात, बाया तर जास्तच. ही माणसं जवळ जे सेंटर असेल तिथंच जाणार. त्यांनी तक्रारीसाठी देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर बसून मुंबईला परिषदेच्या ऑफिसात जायचं का? एका दिवसाचा रोज बुडाला तर घरात भांडण होतं.

म्हणून परिषदेचा माणूस छत्रपती संभाजीनगरला किंवा लातूरला बसला पाहिजे. त्याला न सांगता सेंटरमधे जायचा, नोंदी तपासायचा, सर्टिफिकेटची प्रत घ्यायचा अधिकार कायद्यानंच लिहून द्या, अन् नोंदणी नसेल तर त्यानंच फिर्याद द्यावी, पेशंटला ह्या ऑफिसातनं त्या ऑफिसात पाठवू नये. नोंदणीकृत माणसाचं नाव बोर्डावर आणि आत भलताच पोरगा मशीन लावतोय असं सापडलं तर नाव देणाऱ्यावरही कारवाई पाहिजे, हे प्रकार आमच्याकडं लई ऐकायला यायलेत. आणि तक्रार मराठीत, साध्या कागदावर, फोटो जोडून घेतली जावी, त्याचा नंबर मिळावा, चौकशी कुठवर आली ते फोनवर कळावं.

मराठवाड्यातल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात आरोग्य मंत्र्यांना एवढंच विचारावं, की फिजिओथेरपीच्या तक्रारींची चौकशी करायला आमच्या आठ जिल्ह्यांसाठी किती माणसं नेमलीत अन् ती बसतात कुठं.

आपला एक नियमित वाचक,
जि. बीड