वाडीच्या ऑफिसातून, टेलिफोनवाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

नाव लिहू नको असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण ऑफिसातले बंद पडलेले फोन तुम्ही सुरू करून दिलेत, त्याचे आभार मानायला हे पत्र चारचौघांत लिहितोय. तुम्ही पैसे घेतले नाहीत. संत्रा बर्फीचा डबा दिला, तर तो ऑफिसातच उघडून हमालांपासून सगळ्यांना वाटून टाकला. मग माझ्या हाती हेच उरतं.

मे २०२४ मधला तो रविवार. नागपूरच्या अमरावती रोडवर वाडीत आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस. बावीस एक्स्टेन्शन, एकाच वेळी अनेक कॉल नेणारी एक पीआरआय लाइन आणि कपाटावर धूळ खात बसलेला फ्रीपीबीएक्सचा सर्व्हर, म्हणजे ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज चालवणारा कॉम्प्युटर. तो बसवणारा मुलगा नोकरी धरून कधीच पुण्याला गेला होता, आणि 'याला कॉम्प्युटर कळतो' एवढ्या पुराव्यावर ते धन माझ्या गळ्यात आलं होतं. त्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे, सेंटओएस ७ चे, अपडेट ३० जूनला बंद होणार हे वाचून मला जरा जास्तच जबाबदारी वाटायला लागली. सगळं अपडेट करणारी 'यम अपडेट' ही कमांड मारली, रीबूट केलं आणि तर्री पोहे खायला गेलो. परत येऊन पाहतो तर पीआरआय कार्डाचा दिवा लाल. बाहेरून एक कॉल आत येईना. मध्य प्रदेशच्या हद्दीवर खवासा नाक्याला अडकलेला आमचा ड्रायव्हर ऑफिसला फोन लावून लावून थकला, शेवटी त्याने बाबांच्या मोबाइलवर केला. बाबा मला काय बोलले ते इथे नको.

रात्री अकराला तुम्हाला फोन केला. तुम्ही एकच विचारलं, "कर्नल बदललं काय?" मला तेव्हा कर्नल म्हणजे फौजेतलाच माहीत. मग तुम्ही सांगितलं की कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि कार्ड चालवणारी डाहडी ही प्रणाली जुन्या कर्नलसाठी बांधलेली आहे, नव्या कर्नलसोबत ती चालत नाही. "रीबूट कर. काळा पडदा आला की खालचा बाण दाब, जुन्या कर्नलची ओळ घे." पाच मिनिटांत दिवा हिरवा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा वाटलं, आता हे भराभर नवीन सगळं टाकून देतील. तुम्ही खुर्ची माझ्याकडे सरकवली. "तू बस. मी कीबोर्डले हात नाही लावत." पहिल्या दिवशी फक्त एक काम करवून घेतलंत. सर्व्हरचं ॲडमिन पान बाहेरच्या इंटरनेटवरून कोणालाही दिसत होतं, ते बंद केलं. असं दार उघडं सापडलं की लोक तुमच्या लाइनवरून परदेशी कॉल करतात आणि बिल तुम्हाला येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. बाकीचं? "काहून घाई करून राहिला? नवीन पक्कं होऊ दे."

आणि मग ती वही. प्रत्येक टेबलावर जाऊन लिहायचं: एक्स्टेन्शन कोणतं, फोन कोणता, पोर्ट (सर्व्हरशी बोलायचा नंबर) काय, कॉल उचलला नाही तर पुढे कुठे जातो. चार संध्याकाळी गेल्या. खरं सांगतो, मनातल्या मनात तुम्हाला नावं ठेवली. पण त्यातूनच कळलं की रात्री दहानंतरचे कॉल दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या टेबलावर वाजत होते.

दिवाळीनंतर नवं मशीन आलं. डेबियन १२ ही ऑपरेटिंग सिस्टिम, फ्रीपीबीएक्स १७, आणि त्याच्या आत कॉल जोडणारं ॲस्टरिस्क २२. आमचे सगळे फोन चॅन-सिपवर, म्हणजे फोन सर्व्हरला जोडणाऱ्या जुन्या भागावर होते आणि ॲस्टरिस्क २१ पासून चॅन-सिप काढूनच टाकलंय. तुम्ही म्हणालात, नव्या घरी जायच्या आधी जुन्या घरातच सामान बांध. म्हणून जुन्या मशीनवरच एकेक फोन पीजेसिपवर, म्हणजे त्याच कामाच्या नव्या भागावर आणला. एकवीस आले, गोडाऊनचा येईना. मी केबल बदलली, स्विच बदलला. तुम्ही वही पुढे केली. त्या फोनमध्ये कोणीतरी हाताने ५१६० पोर्ट भरलेला, आणि पीजेसिप ऐकत होतं ५०६० वर. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

बदलाची रात्र. कार्ड एकच, म्हणजे ते काढलं की जुनं मशीन मुकं. साडेबाराला काढलं, नव्यात लावलं, आणि पुन्हा लाल दिवा. माझ्या पोटात गोळा. तुम्ही टपरीवरचा चहा पीत ॲस्टरिस्कची गोष्ट सांगत बसलात: मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन पोराला आपल्या छोट्या कंपनीसाठी टेलिफोन एक्स्चेंज परवडेना, म्हणून १९९९ मध्ये त्याने स्वतःच लिहून काढलं. मला त्या क्षणी स्पेन्सरशी काही घेणंदेणं नव्हतं, भाऊ. मग म्हणालात, "जुनी फाइल आन् नवी फाइल, ओळीला ओळ लावून वाच." कार्डाच्या सेटिंगची ती फाइल मोठ्याने वाचली. चॅनल १ ते १५, १७ ते ३१. सोळावा सोडलेला. "तो निरोप्या आहे. बोलत नाही, कोण आलं तेवढं सांगते." त्याच्या वरच्या ओळीत, शेवटी, जुन्या फाइलीत सीआरसी४ (लाइनवरच्या चुका तपासायची सेटिंग) होतं. मी ते गाळलं होतं. भरलं. हिरवा.

आणि पहाटे तीनला, सगळं झाल्यावर तुम्ही हळूच विचारलं, "काकूंचा आवाज आणला काय?" फोन लागला की ऐकू येणारा तो रेकॉर्ड केलेला आवाज नव्हता आणला. बॅकअपमध्ये रेकॉर्डिंगवर टिकच केली नव्हती. 'ट्रकच्या भाड्यासाठी एक दाबा जी', मागे ट्रकचा हॉर्न, हे आमच्या गिऱ्हाइकांना पाठ आहे. जुनी डिस्क महिनाभर पुसायची नाही हे तुम्ही आधीच बजावलं होतं, म्हणून काकू वाचल्या.

आता कामाचं. डेबियनचं नवं कर्नल आलंय. तुम्ही शिकवल्याप्रमाणे, आपोआप बसू नये म्हणून, ते होल्डवर ठेवलंय, जुनं तसंच आहे. येत्या रविवारी रात्री करतोय: आधी बॅकअप, मग कर्नल, मग डाहडी पुन्हा बांधायची, मग रीबूट. वहीचं ते पान काढून ठेवलंय. तुम्हाला फोन करणार नाही.

मोबाइल मात्र चार्ज करून ठेवा.

तुमचा,
वाडीचा