3000 मिमी वॉटरप्रूफ टार्पची शिवण गळते, दोन्ही सेटचे पूर्ण पैसे परत करा

मॅनेजमेंटसाठी,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय, यापुढे जे काय ते लेखी. तुमचा ऑल सीझन हॅमॉक सेट घेतला होता, झुला, टार्प (वर ताणायचं पावसाचं छत), अंडरक्विल्ट (झुल्याखाली टांगायची उबदार रजई) सगळं एकत्र, एक मला आणि एक मुलीला. बॉक्सवर ठळक अक्षरात 3000 मिमी वॉटरप्रूफ लिहिलंय, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याचा दाब कापड न गळता झेलतं.

नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही रतनगडाच्या पायथ्याला साम्रदला होतो, ओळखीच्या काकूंच्या घरामागे आंब्याला झुले बांधले होते. रात्री अवकाळी पाऊस आला. टार्प ताणून बांधलेला, वाऱ्याकडची कड खाली घेतलेली, पट्ट्यांवरून पाणी झुल्यात उतरू नये म्हणून दोन्हीकडे सुतळीचे तुकडेही बांधलेले आणि पाणी त्या सुतळीवरून बरोबर खाली टपकत होतं. तरी मुलगी ओली! टॉर्च लावून वर बघितलं तर टार्पच्या मधल्या शिवणीतून टाक्याटाक्याला थेंब धरलेले, एक मोठा झाला की सुटून थेट तिच्या पायावर. शिवणीला आतून टेप नाही, भोकं बुजवायचं सीलर नाही, बॉक्समध्ये सीलरची ट्यूब नाही, आधी लावून घ्या असं माहितीपत्रकातही कुठे नाही. कापड 3000 मिमीचं असेलही, पण सुईने पाडलेल्या भोकांचं काय?

तेच पाणी झुल्यातून खाली अंडरक्विल्टमध्ये गेलं आणि आतल्या डाऊनचे, म्हणजे मऊ पिसांचे, गोळे झाले. हॅमॉकमध्ये थंडी खालून लागते हे मी तुम्हाला सांगायला नको, अंगाखाली स्लीपिंग बॅग दबली की तिची ऊब संपते म्हणून तर तुम्ही खाली टांगायला वेगळं क्विल्ट विकता. तेच भिजलं मग राहिलं काय? पोरीचे दात वाजायला लागले, शेवटी काकूंना उठवून चुलीपाशी जाऊन बसलो.

आता आजचा फोन. सगळं सांगून झाल्यावर तुमचा माणूस म्हणतो, "मॅडम, तुमच्याबरोबर जेंट्स कोणी नव्हतं का, टार्प नीट बांधून द्यायला?" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं, म्हणून परत विचारलं, तर त्याने तेच वाक्य परत म्हटलं, आणखी सावकाश, मला कळत नसल्यासारखं. मी म्हटलं बांधणीचा प्रश्नच नाही, शिवण गळतेय, फोटो मेलवर आहेत, उघडा. फोटो उघडले नाहीत. म्हणे अंडरक्विल्ट तुम्ही अंगावर घेतलं नसेल म्हणून थंडी वाजली. अंगावर! खाली टांगायची वस्तू आहे ती, तुमचीच वस्तू, तुमच्या माणसाला माहीत नाही आणि अक्कल मला शिकवतोय. सीनियरला फोन द्या म्हटलं तर होल्डवर टाकलं, परत आला तो पुढच्या खरेदीवर 10 टक्के सूट घेऊन. मी इतकी वर्षं सह्याद्रीत फिरतेय, गाठी मला माझ्या आईने शिकवल्यात, जेंट्स नव्हतं का हे मला कोणी आजवर विचारलं नव्हतं. त्या कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असणार, स्वतः बसून ऐका.

बाहेरचा ब्रँड न घेता तुमचा घेतला कारण जाहिरातीत तुम्ही आपल्याकडच्या पावसासाठी बनवलंय म्हणता. मुलीला मीच सांगितलं होतं की आपल्याच लोकांचा माल आहे, चांगला असणार. फार वाईट वाटलं. आणि परत सांगते, 3000 मिमी लिहून शिवण उघडी सोडणं ही फसवणूक आहे, मोठ्यांचं निभावतं, पोरांचं काय?

दोन्ही सेटचे पूर्ण पैसे हवेत, कूपन नको, बदली टार्प नको, शिवण तीच असणार. आणि त्या वाक्याबद्दल लेखी माफी हवी. ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तुमच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाही लावला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार टाकेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. टार्प धुतलेला नाही, तसाच जपून ठेवलाय, कोणाच्याही समोर पाणी ओतून दाखवेन.

उत्तर मेलवरच द्या, फोन करू नका.