बाळूस पत्र : अण्णांच्या गाडीतला नवा टेप

कोल्हापूर

प्रिय बाळू,

माझी तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे. आईचे गुडघे आहेत तसेच. फोनवर हे बोलता येत नाही, कारण अण्णांचे कान अजून तिखट आहेत.

अण्णांच्या गाडीत काल नेव्हिगेशनचा टेप बसवला. हो, अण्णांच्या! धुक्यात आंबा घाट उतरताना पुढचं वळण कुठल्या हाताला हे ज्यांनी आपल्याला आधी सांगितलं, त्यांना आता नकाशा.

मागच्या महिन्यात ते एकटेच इस्लामपूरला आत्याकडे गेले होते. परतताना पेठ नाक्यावर डावीकडे वळायचं, ते उजवीकडे वळले. इथवर कुणाचंही होतं. पण ते सरळ कराडपर्यंत गेले, तिथल्या कोल्हापूर नाक्यावर गाडी उभी केली आणि मला फोन केला, "नाक्यावर आलोय रे, पण आपली गल्ली कुठं दिसत नाही." बाळू, तो रस्ता हायवे दुपदरी असल्यापासून त्यांच्या पायाखालचा. घरी आल्यावर म्हणाले, ट्रक आडवा होता, बोर्ड दिसला नाही. मी हो म्हणालो. आईही हो म्हणाली, आणि नंतर स्वयंपाकघरात बराच वेळ उगाच भांडी घासत बसली.

तर टेप. उद्यमनगरातला वायरिंगवाला म्हणाला, डॅशबोर्ड कापावा लागेल. जुन्या सेटची खाच सिंगल डिन, म्हणजे १८ सेंटिमीटर रुंद, ५ उंच. नव्याला उंची दुप्पट, १० लागते. मी कापू दिलं नाही. खाली किल्ल्या टाकायचा कप्पा आहे ना, तो वेगळा निघतो. क्लिपा सोडवल्या, मधली पट्टी काढली, जागा झाली. मग तो कंपनीचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, तोडून वायरी पिळायला निघाला. मी ॲडॅप्टर आणायला लावला, तेव्हा कुठे मूळ वायरिंग शाबूत राहिलं.

पिवळी कायम बॅटरीवर, लाल चावीवर. आठवतंय? पिवळीवर घड्याळ आणि मेमरी राहते, लाल चावीबरोबर सेट चालू-बंद करते. तू 'दोन्ही सारख्याच' म्हणून एकत्र पिळल्या होत्यास, सेट रात्रभर गात राहिला आणि सकाळी अण्णांची मारुती आपण बिंदू चौकापर्यंत ढकलली. तू अजून म्हणतोस बॅटरीच जुनी होती. नव्हती! पावती मी पाहिली होती.

दोन गोष्टींवर मात्र वायरिंगवाल्याशी माझं चांगलंच वाजलं. जीपीएसची अँटेना त्यानं आत, लोखंडी पट्टीखाली कोंबली होती. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, तिथून येणारा सिग्नल आधीच क्षीण. काच आणि प्लास्टिकमधून येतो, लोखंडातून नाही. मी ती काचेखाली डाव्या कोपऱ्यात चिकटवून घेतली. दुसरी, हँडब्रेकची वायर. ती हँडब्रेकच्या स्विचला जोडली तर गाडी चालू असताना व्हिडिओ दिसत नाही. सगळे ती गाडीच्या बॉडीला जोडून मोकळे होतात, म्हणजे व्हिडिओ कायम दिसतो; हाही तेच करणार होता. मी म्हटलं, या गाडीत नाही. अण्णांचं लक्ष रस्त्यावरच राहिलं पाहिजे.

अण्णा फोनचा डेटा बंद ठेवतात, म्हणून कोल्हापूर, सांगली, सातारा हे नकाशे सेटमध्येच उतरवून ठेवलेत. पहिल्याच पडद्यावर मोठं 'घर' असं बटण ठेवलंय. त्यावर बोट ठेवलं की कुठूनही घरचा रस्ता.

आणि या बटणानंच माझी झोप उडवलीय. उद्या ते पुन्हा चुकले तर बटण दाबून मुकाट घरी येतील, आणि आपल्याला कळणारच नाही. चुकणं झाकायला मीच त्यांना सोय करून दिली की काय? गाडी काढून घ्यावी तर अण्णा खुर्चीत बसून संपतील, तू ओळखतोस त्यांना. आणि रस्त्यावर दुसऱ्यांची पोरंही असतात रे. ताई म्हणते, किल्ल्या विसरणं वेगळं, ओळखीच्या रस्त्यावर हरवणं वेगळं. म्हणते आधी बी-१२, थायरॉइड तपासून घ्या, काही वेळा तेवढ्यानंही फरक पडतो. पण डॉक्टरांचं नाव काढलं की अण्णा पेपर उघडतात.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींनी शाळा सोडली असं ऐकलं, खरं का? चिन्याला बारावीबद्दल शाबासकी सांग, मी वेगळं लिहीन त्याला.

अण्णा तुझं ऐकतात. माझ्यापेक्षा नेहमीच जास्त ऐकत आले आणि त्याचा मला पूर्वी रागही यायचा. रविवारी त्यांना फोन कर. टेपचंच विचार, आवाज कसा आहे, नाट्यगीतं कशी वाजतात. पेनड्राइव्ह मी भरून दिलाय, तरी त्यांना जुना सेटच गोड वाटतो. मग म्हण, मलाही तपासण्या करायच्यात, एकट्यानं जायचा कंटाळा येतो, मी येतो, आपण दोघं जाऊ. कराडचं काढू नकोस. आणि खरंच ये. दिवस कळव, मी गाडी घेऊन स्टँडवर येतो.

तुझा,
दिन्या